मृत्युंजयवरून आईसाठी दागिना करायचाय, मदत हवी

पुस्तकवेडी:
नमस्कार मंडळी, आईची साठी जवळ आलीये आणि तिला हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय. तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे शिवाजी सावंतांचं मृत्युंजय, कॉलेजात असताना घेतलेली प्रत अजून जपून ठेवलीये, पानं पिवळी पडलीत, बांधणी सुटलीये पण कोणाला हात लावू देत नाही. तर कर्णाच्या कुंडलांवरून कानातले आणि त्याच पुस्तकातल्या पानाचा तुकडा रेझिनमध्ये (ओतल्यावर काचेसारखं पारदर्शक घट्ट होतं ते द्रव) घालून पेंडंट असं डोक्यात आहे. रेझिनचं काम थोडंफार येतं, धातूचं अजिबात नाही. मूळ पान टिकेल का?

रेझिनताई:
मूळ पान कापू नकोस गं प्लीज, ती प्रत हाच मोठा ठेवा आहे! लेझर प्रिंट काढ, इंकजेटची शाई पसरते. पिवळेपणा हवा तर प्रिंट कोऱ्या चहात बुडवून वाळव. मग दोन्ही बाजूंना आणि कडांनाही पातळ फेव्हिकॉलचा हात दे आणि पूर्ण वाळू दे, नाहीतर कागद रेझिन पितो आणि तेलकट डाग पडतात. पावसाळी हवेत ओतू नको, दमटपणाने वरचा थर चिकट आणि धुरकट होतो.

कसबेकर:
पुण्यात असलात तर कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन मठारकाम बघा, तांब्यावर हातोडीचे एकाला लागून एक ठोके, उजेड पडला की सगळा पृष्ठभाग चमचमतो. सूर्यपुत्राच्या कुंडलांना याहून शोभेल असं मला तरी काही सुचत नाही. घरी करायचं तर 24 गेजचा पत्रा घ्या, साधारण अर्धा मिलिमीटर, गोल चकत्या कापा, भोक पाडा, कडा कानशीने घासा. मग सांडशीत धरून मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा, तांबं मऊ पडतं, मग गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके. ठोकून कडक झालं की परत तापवायचं.

अक्षरवेल:
कुंडलं सुंदरच होतील, पण आईला त्यातलं नक्की कोण आवडतं ते बघ ना आधी. कर्ण एकटाच बोलत नाही त्यात, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण, कृष्ण सगळे आपापलं सांगतात. माझी आत्या फक्त वृषालीचा भाग पुन्हा पुन्हा वाचते. पान निवडताना याचा विचार कर.

पुस्तकवेडी:
अगं खरंच, आई कायम वृषालीबद्दलच बोलत असते!! मग पेंडंटमध्ये तिच्याच भागातलं पान घेते, कानात मठारलेल्या चकत्या. पण आईला खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते, तांबं चालेल?

कसबेकर:
हुक 92.5 टक्के शुद्ध चांदीचे लावा, म्हणजे कानाच्या भोकात तांबं जाणारच नाही, असा त्रास बहुतेकदा निकेलने होतो. चकतीला मागून पारदर्शक लॅकरचा हात द्या म्हणजे कातडीला हिरवं लागणार नाही. पुढची बाजू काळवंडली तर पितांबरीने हलकं घासा, पेंडंटला मात्र ती लावू नका, रेझिनवर चरे पडतात.