पाणी सोडले, पण नदीने प्रतिसाद दिला का?
धरणातून ठरलेले पाणी सुटले की पर्यावरणीय प्रवाहाची, म्हणजे नदीतली जीवसृष्टी टिकावी म्हणून सोडायच्या पाण्याची, अट पूर्ण झाली, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते, कारण विसर्गाचा आकडा नदीतल्या जिवांविषयी काहीच सांगत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाखाली विजेच्या मागणीनुसार पाणी रोज चढते-उतरते. जलकीटकांनी काठच्या दगडांवर, पाण्याच्या रेषेलगत घातलेली अंडी पाणी ओसरताच उघडी पडून सुकतात. हे निरीक्षणातून उमगले, म्हणूनच २०१८ मध्ये मे ते ऑगस्टदरम्यान शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवून पाहिला गेला. महिन्याचे एकूण पाणी तेवढेच, बदलली ती सोडण्याची वेळ. मात्र आधीच्या वर्षांच्या नोंदी हाताशी नसतील, तर नंतर दिसलेला फरक प्रवाहामुळे पडला की पाण्याच्या तापमानामुळे, हे ठरवणे अवघड होते.