‘रोमँटिक सस्पेन्स’ला मराठीत काय म्हणावे: रहस्य, रोमांच की उत्कंठा?

प्रश्न

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी सांभाळते. नागपूरला शिकणाऱ्या मुलींनी वाचून झालेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा एक गठ्ठा नुकताच भेट दिला. नायक अमेरिकी नौदलाच्या विशेष पथकातला, नायिकेच्या जिवावर कोणीतरी उठलेले आणि तिचे रक्षण करता करता दोघांचे प्रेम जुळत जाणे, अशी त्यांतील बहुतेकींची घडण आहे. मुखपृष्ठावर ‘रोमँटिक सस्पेन्स’ असे छापलेले असते. विषयाच्या रकान्यात मी प्रथम ‘रहस्यकथा’ लिहिले, ते खोडून ‘रोमांचक प्रेमकथा’ केले, परंतु समाधान झाले नाही. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा.

उत्तर

ताई, हे दोन्ही शब्द आपल्याला अपुरे वाटले ते योग्यच आहे. रहस्य म्हणजे जे घडून गेले, पण झाकलेले आहे ते. रहस्यकथेत खून आरंभीच होतो आणि वाचक मागे मागे जात तो कोणी केला हे शोधतो. आपण वर्णिलेल्या कादंबऱ्यांत शत्रू कोण हे पुष्कळदा आधीच ठाऊक असते. नायक वेळेवर पोहोचेल की नाही, याकडेच वाचकाचे डोळे लागलेले असतात.

‘रोमांच’च्या बाबतीत नादसाम्याने फसगत होते. युरोपातला ‘रोमान्स’ जुन्या फ्रेंचमधून आला असून लॅटिनऐवजी लोकभाषेत रचलेली कथा, असा त्याचा जुना अर्थ होता. आपला रोमांच ‘रोम’ म्हणजे अंगावरचे केस यापासून झाला आहे. दोघांचे काही नाते नाही. रसशास्त्रातील आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेच्या भरात अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, तो एक आहे आणि भीतीने येतो तसा प्रियस्पर्शानेही येतो, हे खरे. परंतु ती क्षणभराची शारीरिक खूण आहे, आणि अंगावरच्या काट्यावर अख्खी कादंबरी तोलता येत नाही.

माझ्या मते शब्द ‘उत्कंठा’ हाच आहे. ‘उद्’ आणि ‘कंठ’ मिळून तो झाला आहे: मान उंचावून वाट पाहणे. आज आपण निवडणुकीच्या निकालाचीही उत्कंठा लागली असे म्हणतो, पण संस्कृतात हा शब्द प्रामुख्याने प्रेमाच्या ओढीचा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांपैकी एकीचे नावच विरहोत्कंठिता आहे. प्रियकर यायचा तेव्हा आला नाही म्हणून ती व्याकूळ झालेली असते. मेघदूतातील यक्षाचा निरोप उत्कंठेने रचलेल्या शब्दांचा आहे असे कालिदासाने म्हटले आहे, आणि तो यक्ष ज्या रामगिरीवर दिवस काढतो तो आपला रामटेकच, असे परंपरेने मानले जाते. प्रेम आणि टांगणीला लागलेला जीव या दोन गोष्टींसाठी इंग्रजीला दोन शब्द जोडावे लागले. उत्कंठेच्या पोटात त्या दोन्ही आधीपासूनच आहेत.

‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात वीर आणि भयानक हे शृंगाराचे विरोधी रस सांगितले आहेत, तेव्हा असे मिश्रण आपल्या परंपरेत बसत नाही, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु त्याच ग्रंथात विप्रलंभ शृंगाराचा, म्हणजे विरहातल्या प्रेमाचा, ‘प्रवास’ हा प्रकारही आहे, आणि प्रवासाला गेलेला माणूस सैनिक असेल तर विरह आणि भय वेगळे कसे काढणार? माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. पोस्टमन पत्र घेऊन येईल म्हणून आमची आई दुपारभर ओट्यावर बसून राही, आणि तो तार घेऊन आला नाही ना, या धास्तीने त्याची सायकल दिसताच उठून आत जाई. तिच्या त्या अवस्थेला रहस्य किंवा रोमांच म्हणण्यास माझे मन धजत नाही.

इंग्रजीत ‘सस्पेन्स’ हे नाम व ‘रोमँटिक’ हे विशेषण आहे. मराठीत मी हा क्रम जाणीवपूर्वक उलटवून ‘उत्कंठाप्रधान प्रेमकथा’ असे लिहीन. प्रेमकथांचेच प्रकाशक या प्रकाराच्या पुस्तकमाला चालवत आले आहेत (1949 साली कॅनडात स्थापन झालेल्या हार्लेक्विनने 1984 साली अशी स्वतंत्र माला सुरू केली), आणि संकट कितीही मोठे असले तरी शेवटी दोघे एकत्र येणार, हा वाचकाशी केलेला करार त्यांत पाळला जातो.

पुढे उपविषय लिहिताना ‘लष्करी नायक’ असे लिहू नये. भारतीय सैन्यात नायक हे हवालदाराच्या खालचे पद आहे. माजी सैनिक तोच अर्थ घेतील. ‘शिपाई’ हा मूळचा सैनिकच, पण आता तो शब्द ऐकताच कचेरीत फायली नेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘जवान’ अधिकाऱ्याला लागू पडत नाही, शिवाय गडचिरोलीच्या बातम्यांत केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या माणसालाही आपण जवानच म्हणतो, आणि ते दल सैन्याचे नसून गृह मंत्रालयाकडे असते. ‘सैनिक’ पुरेसा आहे. अमेरिकी नौदलाच्या त्या विशेष पथकाचे ‘सील’ हे नाव मात्र तसेच ठेवू नये, कारण मराठीत सील गोदामाला ठोकतात. समुद्र, हवा व जमीन यांच्या इंग्रजी नावांतून 1962 साली रूढ झालेले ते नाव ‘नौदल कमांडो’ या शब्दांनी कळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आभारी आहे. रकान्यात ‘उत्कंठाप्रधान प्रेमकथा, सैनिक’ अशी नोंद केली. आणखी एक विचारते. यांतील एक कथा मी बायकांच्या बैठकीत मराठीतून सांगत होते. नायिका तळघरात अडकली आहे आणि नायक निघाला आहे, इथपर्यंत आल्यावर मी ‘तो येत आहे’ असे म्हणाले. त्यावर एका आजीबाईंनी विचारले, “येऊन राह्यला का तो?” लेखी भाषांतरात हे रूप चालेल का?

उत्तर

संवादात अवश्य ठेवा. ‘येऊन राहिला’ याचा अर्थ पुण्याकडील वाचक ‘आला आणि मुक्कामी राहिला’ असा घेण्याचा संभव आहे, म्हणून पहिल्याच वापराच्या वेळी आसपासच्या वाक्यांतून तो वाटेत असल्याचे स्पष्ट करावे. आपल्याकडे विदर्भात या रूपात माणूस निघालेला असतो आणि पोहोचलेला नसतो. आमची आईही भावाच्या सुट्टीचे पत्र आले की गल्लीत हेच सांगत फिरे: “बापू येऊन राह्यला.”