इलेक्ट्रॉनांचं आयुष्य पुरत नाही

दीर्घिकासमूहांतले (एकमेकींच्या गुरुत्वाने बांधलेल्या दीर्घिकांच्या जथ्यांतले) सगळे वैश्विक किरण, म्हणजे प्रचंड वेगाने धावणारे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन असे कण, सुपरनोव्हांतून (ताऱ्यांच्या स्फोटांतून) आणि कृष्णविवरांच्या झोतांतून येतात, असं काही जण म्हणतात. प्रोटॉनांपुरतं ते बरंचसं पटतं. आमच्या गोव्यात मानशीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेचं) दार मिटलं की खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, पाणी अडतं, तसे प्रोटॉन समूहाच्या चुंबकीय क्षेत्रात अब्जावधी वर्षं अडकून राहतात.

पण इलेक्ट्रॉनांचं काय? कोमा नावाच्या दीर्घिकासमूहातली रेडिओ प्रभा, म्हणजे समूहभर पसरलेली रेडिओ लहरींची अंधुक झळाळी, सुमारे ३० लाख प्रकाशवर्षं पसरलीय. ती उजळवणारे इलेक्ट्रॉन साधारण १० कोटी वर्षांतच ऊर्जा गमावून बसतात. तेवढ्यात ते मध्यापासून कडेपर्यंत पोचूच शकत नाहीत! म्हणजे त्यांना तिथल्या तिथेच पुन्हा वेग मिळायला हवा. दोन समूह आदळतात तेव्हा उठणारे धक्का-तरंग आणि दीर्घिकांच्या मधल्या वायूतली खळबळ हे काम करतात, असं मला ठामपणे वाटतं. प्रोटॉन वायूवर आदळूनच हे सारे इलेक्ट्रॉन जन्मले असते, तर सोबत गॅमा किरणही भरपूर दिसले असते. २००८ साली सोडलेल्या फर्मी दुर्बिणीला तेवढे सापडलेले नाहीत.

आणि हो, अशा प्रभा टिपण्यात नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही मोठा वाटा आहे.