बाप्तिस्म्याचे शब्द: 'येशूच्या नावाने' झालेला चर्चमध्ये चालतो का?

फोंडेकर: नवऱ्या मुलाचा बाप्तिस्मा एका पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंटांमधला एक प्रवाह) मंडळीत पूर्ण बुडवून झाला, पण शब्द फक्त 'येशू ख्रिस्ताच्या नावाने' होते. लग्न कॅथलिक चर्चमध्ये आहे. तो बाप्तिस्मा धरतील का?

मांडवीकाठ: नाही. पाणी कितीही असो, कॅथलिक चर्चला बायबलमधल्या मत्तय २८:१९ मधले पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तिन्ही उच्चारलेले लागतात. नवऱ्याला कॅथलिक व्हायचं असेल तर पूर्ण बाप्तिस्मा होईल. व्हायचं नसेल तर त्याच्या बाप्तिस्म्यावाचूनही लग्न लागू शकतं, मात्र बिशपांकडून सूट घ्यावी लागते. ती आधी मागा, ऐनवेळी धावाधाव नको.

जुनेंगोंय: त्या मंडळीचा आधार बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये २:३८ हे वचन. बहुतेक पंथ तिथलं 'येशूच्या नावाने' म्हणजे त्याच्या अधिकाराने असं घेतात, उच्चारायचं सूत्र म्हणून नव्हे. सगळेच पेंटेकोस्टल असं करत नाहीत, बरेच जण तिन्ही नावं घेतात. म्हणून साक्षीदाराला नेमके शब्द विचारा, नुसत्या दाखल्यावर कळत नाही. शब्दांबद्दल खरीच शंका उरली तर 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर...' अशी सशर्त विधी असते.

मांडवीकाठ: भर घालतो. 'मी'ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' म्हटलेलंही रोमने (म्हणजे व्हॅटिकनने) २०२० मध्ये अवैध ठरवलं. कोकणी, मराठी, पोर्तुगीज, भाषा कुठलीही चालते. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये 'देवाच्या सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे' म्हणतात, 'मी' नाहीच, तरी तो रोमला मान्य! कारण तिन्ही नावं आहेत आणि ते सूत्र प्राचीन आहे.