ग्रेट डेनचं पिल्लू येतंय, कॅल्शियम द्यायचं का? आणि अंगणात ठेवलं तर चालेल का?

मिरजकर
नमस्कार मंडळी, येत्या रविवारी आमच्याकडे ग्रेट डेनचं पिल्लू येतंय, नर, फॉन रंगाचा, दोन महिन्यांचा. याआधी लॅब होता पण एवढं मोठं कुत्रं पहिल्यांदाच. पिल्लू देणारा म्हणतोय हाडं भक्कम व्हायला रोज कॅल्शियमचं टॉनिक, दूध, अंडी द्या आणि पोट भरेल तेवढं घालत रहा म्हणजे उंची निघते. बाबा म्हणतात एवढं धूड घरात कशाला, अंगणात पत्र्याची शेड मारू. मला दोन्ही पटत नाहीये. पाळलेल्यांनी सांगा प्लीज.

डेनवाली ताई
टॉनिक अजिबात नको. लार्ज ब्रीड पपी फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं आणि एवढ्या लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं अडवता येत नाही, ते शोषलं जातंच, मग हाडं नि सांधे वेडेवाकडे वाढतात. घरचं जेवण घालणार असाल तर गोष्ट वेगळी, नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम कमी पडतं, पण तो हिशोब व्हेटकडून करून घ्या, दुकानातून बाटली आणून नाही.

उंची रक्तातूनच येते हो. हळू वाढलेलं पिल्लूही शेवटी तेवढंच होतं, वाढ दीड-दोन वर्षं चालते, त्यामुळे घाई नको. बारीकच ठेवा, फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. जिन्यावरून पळापळ, गाडीतून उड्या बंद, टाईल्सवर रबरी मॅट टाका.

आणि शेड नको, मनापासून सांगते. अंगावर एकच आखूड केसांचा थर असतो, पत्र्याखाली भाजून निघेल, थंडीतही कुडकुडेल. हे कुत्रं माणसाला टेकून उभं राहणारं आहे, एकटं बांधलं की खचतं. झोपायला जाड गादी द्या, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात.

नाना_कोल्हापूर
ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त पोटाचं सांगतो कारण आमचा डेन त्यातच गेला. छाती खोल असल्यामुळे पोटात गॅस भरून पोटाला पीळ बसतो, रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत जीव जातो आणि सगळ्या जातींत डेनला याचा धोका सर्वात जास्त. लक्षणं पाठ करा: ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, बसवत नाही झोपवत नाही, पोट ढोलासारखं ताणलेलं. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, ओवा-सोडा देत बसायचं नाही, फोन करत करतच गाडी काढायची. रात्री ऑपरेशन करणारा दवाखाना कुठे आहे हे पिल्लू यायच्या आधी शोधून ठेवा.

जेवण दिवसातून दोन-तीनदा विभागून, भराभर गिळत असेल तर खाचांचं भांडं, खाल्ल्यावर लगेच पळवायचं नाही. भांडं उंच स्टँडवर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात पण अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्याने धोका वाढलेलाच दिसला. पिल्लाच्या आई-बापाला किंवा भावंडांना हा त्रास झाला होता का हेही विचारा, घराण्यात असेल तर धोका वाढतो.

विनय_पशुवैद्य
नानांच्या मुद्द्याला जोडून, गॅस्ट्रोपेक्सी नावाचं ऑपरेशन असतं, जठर आतून बरगडीजवळ पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात. गॅस तरीही होऊ शकतो पण पीळ सहसा बसत नाही. डेनसाठी मी हे नक्की सुचवेन. हृदय मोठं होण्याचा आजारही या जातीत बराच आढळतो, म्हणून मोठा झाल्यावर दरवर्षी हृदय तपासून घ्या. गोचिडांचं औषध आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लस चुकवू नका.

मिरजकर
खूप आभार सगळ्यांचे! बाबांना नानांचा मेसेज वाचून दाखवला, शेड रद्द, हॉलमध्ये खिडकीजवळची जागा ठरली. डॉक्टर, ती पेक्सी लगेच करायची का?

विनय_पशुवैद्य
लगेच नाही. नसबंदी करणार असाल तर एकाच भुलीत दोन्ही होतं, आणि डेनची नसबंदी वाढ पूर्ण होत आल्यावरच बरी, म्हणजे साधारण दीड वर्षानंतर. तोपर्यंत नानांची लक्षणं फ्रिजवर चिकटवून ठेवा, घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत.