मदत हवी आहे: ऑनर्स प्रकल्पासाठी एथिक्स कमिटी

बीएस्सीच्या चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेतलंय; पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट पूर्ण आहे. १२ क्रेडिटचा प्रकल्प गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजू सोलणाऱ्या बायकांवर: टरफलाच्या तेलाने हातांना होणारे त्वचाविकार. रक्ततपासणी नाही, फक्त प्रश्नावली आणि हातांचे फोटो. मार्गदर्शक आहेत, संमतीपत्र मराठी-कोंकणीत तयार आहे.

कॉलेजात एथिक्स कमिटीच (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार करार करून दुसऱ्या संस्थेची कमिटी चालते. दोन ठिकाणी विचारलं, बाहेरचे विद्यार्थी घेत नाहीत. मंजुरीशिवाय मी एकाही बाईला प्रश्न विचारणार नाही, आणि काजूचा हंगाम मार्चपासून.

गोव्यात पदवीला असताना कुणी असा करार केलाय का? अर्ज प्राचार्यांनी करायचा की मार्गदर्शकांनी, आणि मंजुरीला किती आठवडे लागले?