कडबा कुट्टी: लाइटवरची की पेट्रोलची? मदत हवी आहे, जरा लवकर

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कडबा कुट्टी, म्हणजे जनावरांचा चारा बारीक तोडायचं मशीन, घ्यायची आहे. २ एचपीची लाइटवरची बघितली, पेट्रोल इंजिनवालीही बघितली. दुकानदार म्हणतो दोन्ही एक नंबर. त्याचं काय जातंय, दोन्ही त्याच्याकडेच आहेत. रविवारी गावी जाताना टेम्पोत टाकून न्यायचीय. एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.

बाभळीची_सावली
लाइटवरची.

माढेकर_७७
पेट्रोल. डोळे झाकून.

जुळे_सोलापूरकर
झालं! होतो त्यापेक्षा जास्त घोळात पडलो.

वायंडिंगवाला
भाऊ, एका शब्दात सांगायला ही काय चहा की कॉफी आहे का? जनावरं किती? गाव कुठलं? लाइट गावठाणची की शेतातली? मशीन चालवणार कोण?

जुळे_सोलापूरकर
दोन म्हशी, एक गाय. मोहोळ तालुका. चालवणार आई-वडील, मी शहरात असतो. लाइट असते की, घरात टीव्ही-फ्रिज सगळं चालतं.

माढेकर_७७
टीव्ही चालतो म्हणून कुट्टी चालेल असं नाही हो. मी सहा वर्षं पेट्रोलवालीच वापरतोय. दोरी ओढली की चालू, महावितरणच्या तोंडाकडं बघायला नको. बांधावर नेली, उसाचं वाढं तिथंच तोडलं, पाटीत भरून आणलं.

गोठेवाली_ताई
माढेकर दादा, तुमचे खांदे मजबूत असतील. यांच्या आईला ती दोरी ओढायला लावणार का? आमच्याकडे दोन वर्षं पेट्रोलवाली होती. गोठ्याच्या आडोशाला लावली, तर धार काढायच्या वेळेला त्या आवाजानं म्हैस पान्हा चोरायची. शेवटी विकली. खर्चही बघा. आम्हाला रोजची अर्धा तास कुट्टी, तर अर्धा लिटर पेट्रोल जायचं, म्हणजे पन्नासच्या वर गेले. २ एचपीची मोटर अर्ध्या तासाला एखादं युनिट खाते.

माढेकर_७७
ताई, इंजिनाला सायलेन्सर लांब काढून द्यायचा असतो.

गोठेवाली_ताई
आणि पावसाळ्यात हिरवा चारा असतो म्हणून दोन महिने बंद ठेवली की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकटून बसतं, तेही सांगा की. मेकॅनिक दर वर्षी पावती फाडतो.

माढेकर_७७
बंद ठेवायच्या आधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. कार्ब्युरेटर रिकामा होतो. हे दुकानदारानं सांगितलं नसेल तर इंजिनचा काय दोष?

हिरवं_रान
कुट्टी कशाला? मुरघास करा. मका चिकात आला की कापून पिशवीत दाबून भरायचा, दीड महिन्यात तयार. म्हशी नुसत्या तुटून पडतात.

बाभळीची_सावली
अहो, मुरघासाला मका कुट्टी करूनच भरावा लागतो ना बे? फिरून तिथंच आलात.

हिरवं_रान
ट्रॅक्टरवर चालणारी मोठी कुट्टी भाड्यानं मिळते.

बाभळीची_सावली
तीन जनावरांसाठी ट्रॅक्टर! बरं.

कागदपत्रवाला
महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, यांत्रिकीकरणात कडबा कुट्टी आहे. पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडलंत तर अनुदान विसरा.

जुळे_सोलापूरकर
अनुदानाचं विचारलं नाही हो. मशीन रविवारी न्यायचीय. आत्ता आई कोयत्यानं कडबा तोडते, मनगट सुजलंय तिचं. म्हणून घाई.

वायंडिंगवाला
हे आधी सांगायचं ना. आता सांगा, घर गावात की वस्तीवर? मीटर कुठं? गोठ्यापर्यंत वायर कसली आणि किती लांब?

जुळे_सोलापूरकर
वस्तीवर. मीटर रस्त्याच्या खांबापाशी पेटीत, तिथून घर-गोठा साधारण ३०० मीटर. वायर आम्हीच ओढलीय, तांब्याची, २.५ चौरस मिमीची. हौदाची १ एचपी मोटर चालते तिच्यावर. कधी कधी हुं करते आणि उचलत नाही, मग वडील पंख्याला हातानं झटका देतात.

वायंडिंगवाला
मोटर हुं करते हेच उत्तर आहे भाऊ. ३०० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६०० मीटर तांबं. २.५ च्या वायरीचा रेझिस्टन्स तेवढ्याला साधारण साडेचार ओहम. २ एचपीची सिंगल फेज मोटर १० अँपियरच्या आसपास ओढते, म्हणजे ४५ व्होल्ट वायरीतच जिरले. उचलताना करंट याच्या चार-पाच पट जातो, तिथं तर मोटर बसलीच. माझ्याकडं जळून येणाऱ्या कुट्टीच्या मोटरी निम्म्या अशाच. मोटर चांगली असते, वायर लांब असते. मशीन कुठलीही घ्या, आधी मल्टीमीटर लावून व्होल्टेज बघा.

माढेकर_७७
म्हणजे पेट्रोल. मी पहिल्यापासून काय सांगतोय?

तीनफेज_पाटील
विहिरीवर थ्री फेज असेलच की. ३ एचपीची थ्री फेज मोटर लावा, विषय संपला.

वायंडिंगवाला
पाटील साहेब, शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. म्हशीला लाइटची पाळी कळत नाही, तिला वैरण वेळेवर लागते.

माढेकर_७७
अशी मशीन घ्या की पुलीवर मोटरही बसेल आणि इंजिनही. लाइट गेली की पट्टा बदलायचा. भांडण मिटलं.

वायंडिंगवाला
बसतं, पण पुली तीच ठेवायची नाही. मोटर १४४० आरपीएमची असेल आणि इंजिन ३६०० ला पळालं, तर पात्यांचं चाक अडीचपट फिरणार. पातं निसटलं तर कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. इंजिनाला त्या हिशेबानं लहान पुली हवी.

गोठेवाली_ताई
आणि रोलर उलटा फिरवायचा दांडा असलेलीच घ्या. आमच्या भावकीतल्या एकाची दोन बोटं गेली, पेंडी अडकली म्हणून हातानं ढकलायला गेला होता. आईंना सांगा, पदर खोचून, बांगड्या वर सारून उभं राहायचं.

जुळे_सोलापूरकर
वडिलांनी शेजारच्याचं मल्टीमीटर आणून बघितलं. खांबापाशी २१५ व्होल्ट. गोठ्यात हौदाची मोटर चालू असताना १८८. आता काय करू? ३०० मीटर नवी वायर?

वायंडिंगवाला
अॅल्युमिनियमची १० ची ओढली तर ४५ च्या जागी १८-२० व्होल्ट जातील. चालेल, पण पैसे लागतील. एक विचारतो, कडब्याची गंज, म्हणजे पेंड्यांचा ढीग, कुठं लावता?

जुळे_सोलापूरकर
खांबाजवळच. ट्रॅक्टर तिथपर्यंतच येतो ना, पुढं ओढा आहे.

वायंडिंगवाला
अहो मग मशीन तिथंच लावा की! चार पत्रे टाका, मीटरजवळ वेगळा स्विच आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडतो तो) घ्या. नाहीतरी आई तिथून पेंड्या उचलून आणतातच, आता पाट्या आणतील.

बाभळीची_सावली
मी पहिल्याच ओळीत लाइटवरची म्हणालो होतो.

माढेकर_७७
लाइट गेल्यावर फोन करू नका म्हणजे झालं.

गोठेवाली_ताई
सकाळीच दोन वेळची कुट्टी करून ठेवायची. वाळलेल्या कडब्याची आहे, काय होत नाही. हिरवी मात्र रचून ठेवू नका, आतून गरम होते.

जुळे_सोलापूरकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो, तू विचारलंस कुठं." लाइटवरची, उलट्या दांड्याची घेतोय. पाट्या मात्र आईनं नाही, वडिलांनी आणायच्या असं ठरलंय. तोंड वाकडं करून हो म्हणालेत.

तीनफेज_पाटील
कडबा मालदांडीचा का? हा वाण मोहोळलाच निवडलेला, आणि आता मोहोळात बघावं तिकडं ऊस. शेकडा काय भावानं देता?

जुळे_सोलापूरकर
मालदांडीच आहे, पण विकायचा नाही.

तीनफेज_पाटील
दोनशे पेंड्या तरी?